माप कोठून धरायचे

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तीन कामगार आणि मी, एवढाच त्याचा पसारा. फौंड्रीतून ओतीव लोखंडाचे जॉब येतात आणि आम्ही ते मापात आणून परत पाठवतो. देवाला पहिले स्थान देण्याविषयी लिहायला बसलो असताना मी लेथपासून सुरुवात करतो आहे, कारण या शब्दांचा अर्थ मला उपासनेत बसून जेवढा समजला त्याहून अधिक मशीनसमोर उभे राहून समजला.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातील ३३ वे वचन मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, असताना पाठ केले होते. पहिल्याने देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यासाठी झटा, म्हणजे बाकीच्या गोष्टीही तुम्हांला मिळतील, असे येशू तेथे सांगतो. हे वचन म्हणजे दिवसभराच्या कामांची यादी आहे आणि तिच्यात पहिल्या ओळीवर देव लिहायचा, अशीच माझी अनेक वर्षे समजूत होती. पहाटे उठून एक अध्याय वाचायचा, गुडघे टेकायचे, आणि पहिले काम झाले असे मानून चहाकडे, वर्तमानपत्राकडे आणि मग शॉपकडे वळायचे. साडेआठला शटर वर गेल्यावर संध्याकाळपर्यंत देवाची आठवण होण्याचे कारणच उरत नसे, कारण त्याचा वाटा सकाळीच देऊन झालेला असे. मी खोटेपणाने वागत होतो असे मला आजही वाटत नाही. 'पहिला' या शब्दाचा अर्थ मात्र मी चुकीचा घेतला होता.

ओतकामातून आलेला जॉब खडबडीत असतो. त्याची कोणतीच बाजू सरळ नसल्यामुळे कोणत्याही बाजूवर भरवसा ठेवून माप घेता येत नाही. म्हणून आधी एक फेस मारून घ्यावा लागतो, म्हणजे एक बाजू पूर्ण सपाट करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर बोअरची म्हणजे आतल्या गोल पोकळीची खोली, भोकांची अंतरे, कडेची जाडी ही सगळी मापे त्या एका फेसपासून धरली जातात. ड्रॉइंगमध्ये त्याला डेटम म्हणतात. क्रमाने पाहिले तर हे पहिलेच काम असते, परंतु ते करून मोकळे होता येत नाही, कारण अगदी शेवटचे भोक मारतानाही माप त्याच फेसपासून घ्यावे लागते. पहिला फेस चुकला तर पुढची प्रत्येक गोष्ट कितीही काळजीने केली तरी ती चुकीच्याच जागी जाते, आणि चुकते आहे हे करणाऱ्याला कळतही नाही.

हे ध्यानात आल्यावर प्रभूने शिकवलेली प्रार्थना मला वेगळी वाचता येऊ लागली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही त्या प्रार्थनेतील विनंती आपल्या माणसांना सर्वांत जवळची वाटते. मराठीत तेथे 'भाकर' हा शब्द आल्यामुळे ती थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसते. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ती चौथी विनंती आहे. तिच्याआधी देवाचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याच्या इच्छेप्रमाणे व्हावे, अशा तीन विनंत्या येतात. भाकर मागण्यात काही गैर असते तर येशूने ती मागायला शिकवलीच नसती. मात्र मागणारा कोणाच्या राज्यात उभा राहून मागतो आहे आणि कोणाच्या इच्छेने मिळालेली भाकर तो खाणार आहे, हे आधीच ठरून जाते, आणि मग भाकरीची विनंती त्या मापावर येते. मार्काच्या ६ व्या अध्यायात नासरेथचे लोक येशूला 'सुतार' म्हणतात. फळीची एक कड रंधा मारून सरळ केल्याशिवाय तिला गुण्या लावता येत नाही, ही गोष्ट त्याच्या हातांना ठाऊक असणार, असे मला काम करताना पुष्कळदा वाटते. आमोस संदेष्ट्यालाही परमेश्वर दिसला तो हातात ओळंबा घेऊन भिंतीजवळ उभा असलेला.

माझ्या घरात ही शिकवण शब्दांतून फारशी आलीच नाही. वडील एका कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दिवशी ते पाकीट न फोडता आईच्या हाती देत. वाण्याची उधारी, दुधाचे पैसे, आम्हा भावंडांची फी यांपैकी कशाचाही हिशेब मांडण्यापूर्वी आई दहावा हिस्सा बाजूला काढून कपाटातील एका जुन्या लिफाफ्यात ठेवी. महिनाअखेरीला घरात आमटीत डाळ शोधावी लागे, तेव्हाही तो लिफाफा त्याच जागी असे आणि त्याला कोणी हात लावत नसे. पैसे वाचवून उरले तर द्यावेत, असा विचार तिने केला असता तर आमच्या घरातून कधीच काही दिले गेले नसते. माझ्या मुलाला पहिला पगार मिळाला तेव्हा त्याने मला विचारले, 'दशांश हातात पडलेल्या रकमेवर काढायचा की कापाकापीच्या आधीच्या?' मी त्याला आजीला विचार म्हणालो. आई म्हणाली, 'मला तर हातात पडलेलाच पगार ठाऊक होता. तुला दोन्ही आकडे ठाऊक आहेत, तर तूच ठरव.' त्याने काय ठरवले ते मी विचारले नाही.

त्या लिफाफ्यामागे आणखी जुनी माणसे उभी आहेत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे वाइल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्या काळात महाराष्ट्रात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतील अनेकांना घर, वाटणी आणि नातीगोती यांना मुकावे लागले. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या विचाराने व स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आल्या. त्या पिढीसाठी देवाला पहिले स्थान देणे म्हणजे पहाटेचा अर्धा तास नव्हता. हे आठवले की माझ्या अडचणींविषयी मी जरा जपून बोलतो.

तरीही एक अडचण मला सविस्तर सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाईकाकडून १८० फ्लँज हाउसिंगची, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या ओतीव घरांची, ऑर्डर आली. ६२ मिलिमीटरचा बोअर, त्यात ६२०६ नंबरचे बेअरिंग बसणार. मुदत कमी होती, म्हणून मी दोन रविवार शॉप चालू ठेवले आणि दोन्ही रविवारी उपासनेला गेलो नाही. घरी सांगितले की या महिन्यापुरतेच आहे. दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्या लक्षात आले की फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, बैठकीवर लोखंडाचा बारीक कीस चिकटून राहिला आहे. तो किती वेळ तेथे होता हे सांगता येत नव्हते. जॉब त्या किसावर बसल्यामुळे बोअर फेसशी काटकोनात न जाता किंचित कलला होता. बोअरचा व्यास मात्र बरोबर येत होता, आणि माल घेताना गेज लावून व्यासच तपासला जाणार होता. असे हाउसिंग बसवले की बेअरिंग तिरके राहते, तापते आणि आपल्या वेळेच्या फार आधी निकामी होते. पण तोवर ते हाउसिंग कोणाच्या शॉपमधून आले होते, हे कोणालाच आठवत नाही.

माझा जुना कामगार माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि अतिशय प्रामाणिक माणूस आहे. माझ्या काळजीपोटीच तो म्हणाला, "मालक, चालतंय की. गेजला बसतंय, कोण बघतंय?"

मी त्याला काहीच उत्तर दिले नाही. तो दिवस मावळेपर्यंत मला ते देता आले नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. बँकेचा हप्ता, कामगारांचे पगार, मुलाच्या परीक्षेची फी, हे सारे आकडे मी मनात फिरवत होतो आणि प्रत्येक आकडा मला एकच सल्ला देत होता. रात्री पत्नीला सांगितले. तिने एवढेच विचारले की हे सगळे माप तुम्ही कोठून धरता आहात. शॉपमधील माझीच भाषा ती इतक्या वर्षांत शिकली होती.

सोमवारी आम्ही १८० नग एकेक करून, कल दाखवणारा डायल लावून तपासले. ६४ नगांत कल निघाला. मी गिऱ्हाईकाला फोन करून जसे घडले तसे सांगितले. त्यांनी ६४ कास्टिंगची किंमत माझ्या बिलातून कापली, उरलेले पैसे तीन महिने अडकले, आणि पुढचे पाच महिने त्यांच्याकडून मला एकही काम आले नाही. व्यवहार म्हणून त्यांचे वागणे योग्यच होते. रविवारी काम केले म्हणून देवाने मला शिक्षा केली, असेही मी मानत नाही. कीस शनिवारीही राहू शकला असता. मात्र ज्या घाईत मी प्रभूचा दिवस बाजूला सारला, त्याच घाईत बैठक पुसायचे राहून गेले, आणि दोन्हींचे मूळ एकच होते. मुदत चुकली तर आपले काय होईल या भीतीला मी त्या महिन्यात डेटम केले होते.

मंडळीपुढे साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, अशा गोष्टींचा शेवट बहुधा ठरलेला असतो. प्रामाणिकपणा दाखवला, आणि पुढच्याच महिन्यात दुप्पट काम आले. माझ्याकडे सांगण्यासारखा तसा शेवट नाही. पत्नीने मी न मागता पाटल्या काढून दिल्या, त्या पतपेढीत गहाण पडल्या आणि सोडवायला दीड वर्ष लागले. त्या काळात मी बायबलमधील १ राजे या पुस्तकाचा १७ वा अध्याय इतक्या वेळा वाचला की ते पान आता आपोआप उघडते. देशात पाऊस नाही. सारफथ गावची एक विधवा काटक्या गोळा करते आहे. मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल, एवढेच तिच्याजवळ आहे. त्याची भाकर करून मुलासह खायची आणि मग मरायचे, असे ती स्वतः सांगते. एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी कर. लहानपणी मला या संदेष्ट्याचा राग येत असे. उपाशी पोराच्या आधी स्वतःसाठी मागणारा हा कसला देवाचा माणूस, असे वाटे. मोठेपणी मात्र मला पुढचे वाक्य नीट वाचावेसे वाटले. मडके पिठाने काठोकाठ भरले असे तेथे लिहिलेले नाही. पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही, एवढेच लिहिले आहे. म्हणजे रोज सकाळी ती बाई मडक्यात हात घालत असेल तेव्हा तिच्या हाताला मूठभरच पीठ लागत असेल, आणि रोज पहिली भाकर करताना तिला पुन्हा तोच निर्णय घ्यावा लागत असेल. त्या पाच महिन्यांत आमच्या घराचे अगदी असेच झाले. शिल्लक कधीच नव्हती आणि चूल एकही दिवस थंड राहिली नाही. कोठून तरी चार बुश, कोठून एक शाफ्ट, कोणाची मोडलेली पुली, असे दिवसापुरते काम येत राहिले.

विश्वासाचा हा दिवसापुरता हिशेब मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रातही दिसतो. १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्याला १० वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती १० वर्षे संपत आली नेमक्या त्याच सुमारास, १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला, आणि हाती असलेल्या पैशांचा विचार केला तर कामाचा व्याप आटोपता घेण्याची ती वेळ होती. रमाबाई मात्र दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. पुढे त्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम तेथील मुली व स्त्रियांनीच केले. एवढ्या मोठ्या कार्याशी माझ्या ६४ हाउसिंगची तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पुरवठा कोठून होईल हे दिसण्याआधीच पाऊल टाकणारी माणसे आपल्या भाषेत, आपल्याच मुलखात होऊन गेली, याचा मला आधार वाटतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहरात दूध, पेट्रोल, भाजी यांची टंचाई झाली. शहराला पाणी पुरवणारे पंपही पुरात बुडाले, त्यामुळे चारी बाजूंना पाणीच पाणी असताना पिण्यासाठी टँकरपुढे रांगा लागल्या. आम्ही सखल भागातील घर सोडून उंचावर राहणाऱ्या नातलगांकडे गेलो होतो. तेथे एका खोलीत अकरा माणसे रात्री प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, आणि 'आज' या शब्दापाशी प्रत्येकाचा आवाज किंचित थबकत होता. इस्राएल लोक अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेले अन्न, गोळा करत, तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. त्या खोलीत हा मजकूर मला कोणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

याचा अर्थ उद्याची तजवीकच करू नये, असा काही जण काढतात, आणि तो मला मान्य नाही. बायबलमधील योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला, आणि तो सल्ला देवाने दाखवलेल्या स्वप्नाच्या अर्थातूनच निघाला होता. माझ्या शॉपचा विमा आहे आणि मी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो.

याहून गंभीर चूक मी स्वतः केलेली आहे. मंडळीच्या कमिटीवर होतो त्या वर्षांत माझी एकही संध्याकाळ घरी जात नसे. कधी सभा, कधी प्रार्थनेची बैठक, कधी नाताळची तयारी. त्याच दिवसांत आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, आणि दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत औषध घालण्याचे काम पत्नी आपली नोकरी सांभाळून करत होती. देवाचे काम पहिले, असे मी म्हणत असे, आणि ते वाक्य इतके पवित्र होते की घरात त्याला कोणी उत्तर देऊ शकत नव्हते. मार्काच्या ७ व्या अध्यायात येशू अशाच माणसांविषयी बोलतो. आईबापांना जे द्यायचे ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण झाले आहे, असे म्हणून ते आपले हात झटकत, आणि येशू त्यांना सांगतो की तुम्ही देवाचेच वचन रद्द करत आहात. एका रविवारी पाळकसाहेबांनी हा उतारा वाचला आणि मला मान वर करता आली नाही. देवापासून माप धरले तर आईच्या डोळ्यांतील औषध किती महत्त्वाचे ठरते, हे मी मोजलेच नव्हते. मी देवाच्या नावाने फक्त मला आवडणारी कामे पुढे ओढली होती. कमिटी सोडली. संध्याकाळचे औषध मी घालू लागलो, आणि तेव्हापासून आमच्याकडे कौटुंबिक उपासना आईच्या खाटेभोवती होते.

पहाटेचा अध्याय आणि गुडघे टेकणे मी सोडलेले नाही. येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे मार्क पहिल्याच अध्यायात लिहितो, आणि त्याला ज्याची गरज होती त्याची मला नसावी, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सकाळी एकदा मारलेल्या फेसकडे दिवसभर परत यायचे कसे, हे मात्र मला बायबलमधील नहेम्याकडून शिकता आले. राजा अर्तहशश्त त्याला विचारतो, तुझी मागणी काय आहे? नहेम्या लिहितो की त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती वेळ असेल? राजासमोर उभ्या असलेल्या माणसाला एका श्वासाहून अधिक वेळ मिळत नाही. मी तेवढाच श्वास फोन उचलण्याआधी, दर सांगण्याआधी, कामगारावर आवाज चढवण्याआधी घेण्याचा प्रयत्न करतो. दिवसातून निम्म्या वेळा विसरतो. ज्या वेळा आठवते, त्या वेळा तोंडून निघणारे वाक्य बहुधा ठरवलेल्यापेक्षा वेगळे निघते.

गेल्या आठवड्यात एका नव्या पार्टीचा फोन आला. ९० नग होते, दर बरा होता, आणि माल सोमवारी सकाळी दारात पाहिजे होता. तेवढे नग सोमवारी द्यायचे तर रविवार कामात घालवावा लागणार, हे मला बोलतानाच दिसत होते. मी तो एक श्वास घेतला आणि मंगळवारी संध्याकाळी देतो, त्याआधी जमणार नाही, असे सांगितले. कळवतो, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. अजून त्यांचा फोन आलेला नाही.